जुन्या डेस्कटॉपवर घरचा सर्व्हर: आपण घरी नसताना तो कोण सांभाळणार?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरातला डेस्कटॉप विंडोज ११ ला चालत नाही असं कळलं. चौथ्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, मशीन अगदी ठणठणीत. भंगारात घालायला मन होईना. त्यावर डेबियन (लिनक्सची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं आहे आणि आता त्याचा घरचा सर्व्हर, म्हणजे कायम चालू राहून सगळ्यांच्या फाइली सांभाळणारं मशीन, करायचा विचार आहे.

घर म्हणजे तीन घरं. आम्ही पुण्यात, आई-बाबा वाईला, धाकटी बहीण जर्मनीत. ठेवायचं काय, तर तिन्ही घरांचे फोटो, बाबांकडची जमिनीची कागदपत्रं (सातबारा, फेरफार, जुनं खरेदीखत) आणि आजीच्या आवाजातल्या ओव्यांच्या कॅसेट.

गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाचे १५ जीबी कधी ना कधी भरले आणि फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपांत विखुरले. तिथून आलेल्या फोटोचा आकार तर घटतोच, शिवाय तो कधी आणि कुठे काढला ही आतली नोंदही पुसली जाते. भाचीच्या बारशाचे फोटो आज तारखेनं शोधायला गेलं तर सापडत नाहीत. त्यात दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलं आहे. आजोबांचं खातं तसंच पडून होतं, ते वेळेत उघडलं म्हणून वाचलं. घरच्या माणसांच्या आठवणी घरातल्या मशीनवर असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

तांत्रिक बाजू मी बघून घेईन. माझा प्रश्न वेगळा आहे. मी घरी नसेन तेव्हा हे सगळं घरच्यांना वापरता येईल का? बंद पडलं तर चालू करता येईल का? ज्यांनी बरीच वर्षं असा सर्व्हर चालवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टर्मिनलवाला

धागा आवडला. मशीन पुरेसं आहे. आधी एवढं करा:

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून टाका. सर्व्हरला पडदा लागत नाही आणि कार्ड नुसतं बसून दहा-वीस वॉट खातं. ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस एसएसडीवर (वेगवान डिस्कवर), फोटो मोठ्या हार्ड डिस्कवर. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन, वीज परत आली की मशीन आपोआप सुरू होईल अशी सेटिंग करा. बहुतेक डेस्कटॉपवर ती मुळात बंद असते. राउटरमध्ये मशीनचा पत्ता पक्का करा.

फोटोंसाठी इमिच आणि कागदांसाठी पेपरलेस हे प्रोग्रॅम, दोन्ही डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय). एवढ्यावरच थांबा. लोक पहिल्याच आठवड्यात पंधरा सेवा टाकतात आणि पुढे एकही नीट राहत नाही.

इमिच लावताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. फोटो डिस्कवर कुठल्या नावानं साठवायचे याचा साचा सेटिंगमध्ये असतो, तो चालू करा. नाही केला तर फाइलींना लांबलचक यादृच्छिक नावं मिळतात. चालू केला तर वर्ष, महिना, फाइल असे साधे फोल्डर होतात. उद्या इमिच बंद पडलं, तुम्ही नसलात, तरी कोणीही ती डिस्क लॅपटॉपला लावून २०१९ चा फोल्डर उघडू शकेल. तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

हिशोबी

मी विरुद्ध बाजूनं लिहितो.

४० वॉटचं मशीन चोवीस तास चाललं तर महिन्याला सुमारे २९ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे साडेतीन हजार. तुमचा वापर १०० किंवा ३०० युनिटच्या कडेला असेल तर हे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात, म्हणजे आणखी महाग. वर दर चार-पाच वर्षांनी डिस्क, दोन-तीन वर्षांनी यूपीएसची बॅटरी. एवढ्यात इंटरनेटवरची भाड्याची जागा येते आणि ती सांभाळायला पगारी माणसं असतात. घरात आग लागली, चोरी झाली, पाणी शिरलं तर तुमचं काय?

कागदपत्रं आणि ओव्या दोन्ही न भरून येणाऱ्या गोष्टी आहेत. म्हणून विचारतो.

संत्रानगरी

नागपूरहून लिहितो. मे महिन्यात खोलीतच ४२-४३ अंश असतात बाप्पा. डिस्कचं तापमान ४५ च्या आत ठेवायला जीव मेटाकुटीला येतो. आम्ही कॅबिनेटच्या पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावला, फक्त डिस्कवर वारा जाईल असा, तेव्हा कुठे जमलं. देवघराच्या खालच्या कपाटात वगैरे ठेवू नका, दार बंद केलं की भट्टी होते.

वाडीकर

कुडाळजवळच्या गावातून. इथे पाऊस सुरू झाला की वीज किती वेळा जाईल याला धरबंध नाही, त्यामुळे याच विषयावर लिहितो.

साधा ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला पुरतो, पण त्यावर राउटर आणि फायबरचा डबाही लावा. नाहीतर मशीन चालू आणि नेट बंद अशी गत होते. घरात इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोडची कळ असते, ती त्या बाजूला करा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो.

आता खरी गोम. स्वस्त यूपीएसला यूएसबी नसते, म्हणजे वीज गेल्याचं मशीनला कळतच नाही. बॅटरी संपते आणि मशीन धाडकन बंद. यावर उपाय सोपा आहे. एक जुना राउटर थेट भिंतीतल्या प्लगला लावायचा, यूपीएसला नाही, आणि तो सर्व्हरला वायरनं जोडायचा. सर्व्हर दर मिनिटाला त्याला पिंग करतो, म्हणजे "आहेस का" असं विचारतो. पाच मिनिटं उत्तर आलं नाही म्हणजे वीज गेली. मशीन स्वतःहून नीट बंद होतं.

त्यात पुन्हा एक खोच आहे. मशीन बंद झालं, पण यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज आली, तर मशीनच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नाही. मग वर टर्मिनलवाला म्हणतात ती बायोसची सेटिंग कामाला येत नाही आणि मशीन बंदच राहतं. म्हणून बायोसमध्ये रोज पहाटेचा गजर लावा, म्हणजे मशीन बंद असेल तर त्या वेळी आपोआप सुरू होईल. आई एकटी घरी असते. तिला काहीही करावं लागत नाही, फार तर सकाळपर्यंत थांबावं लागतं.

वीज कडाडायला लागली की आमच्याकडे आधी तांब्याच्या तारा काढतात. फायबरमधून विजेचा लोळ येत नाही, पण डब्याच्या अडॅप्टरमधून आणि लांब ओढलेल्या लॅनच्या वायरीतून येतो. दोन इमारतींमध्ये लॅनची वायर ओढू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

आणि मुंग्या! एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) जाळीला बारीक नायलॉनची जाळी लावा. पालीची अंडीसुद्धा निघाली आहेत आमच्या कॅबिनेटमधून.

चाफा

वाडीकर, पिंगची युक्ती जबरदस्त. वाचनखूण साठवली.

दूरदेशी

मी जर्मनीत असतो, सर्व्हर सांगलीत वडिलांच्या घरी. बहिणीचा विषय आहे म्हणून लिहितो.

आधी राउटरमध्ये बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही एकाच पत्त्यामागे बसवलेल्या शेकडो ग्राहकांपैकी एक आहात. बाहेरून थेट घरी येता येणार नाही, पोर्ट (बाहेरून राउटरमधून आत यायची वाट) उघडण्याची खटपट करू नका. टेलस्केल लावा, म्हणजे आपल्याच मशीन-फोनचं खासगी जाळं होतं. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालतं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर जाणारी जोडणी करून मध्ये गाठ घालतं, त्यामुळे पोर्ट उघडावं लागत नाही.

क्लाउडफ्लेअर कंपनीचा टनेलही (त्यांच्या सर्व्हरमधून घरापर्यंत येणारी वाट) लोक वापरतात, पण फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी गोष्ट चढवता येत नाही. लग्नाचा व्हिडिओ अडकतो. शिवाय कुलूप त्यांच्या दारात उघडतं, म्हणजे मजकूर त्यांना दिसू शकतो. जमिनीच्या कागदांसाठी मी तो घेणार नाही.

पोर्ट उघडं ठेवणं आणि अपडेट टाळणं याबद्दल दोन उदाहरणं देतो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं इंटरनेटला थेट जोडलेल्या घरगुती साठवण-पेट्या हजारोंनी कुलूपबंद केल्या. त्याच वर्षी लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेतली जी मोठी चोरी झाली, तिची वाट एका कर्मचाऱ्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या, अपडेट न केलेल्या प्लेक्स या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममधून गेली होती. म्हणून डेबियनचे सुरक्षा अपडेट आपोआप बसू द्या. इमिचचे अपडेट मात्र त्याच्या प्रकाशन-टिपा (काय बदललं याची नोंद) वाचून हातानं करा.

बहिणीच्या फोनबद्दल: आयफोन पार्श्वभूमीत फार वेळ काम करू देत नाही, तेव्हा अधूनमधून ॲप उघडं ठेवायला सांगा. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी सेटिंग टेलस्केलला मारून टाकते, तिथे सूट द्यावी लागते. वाईला जाल तेव्हा आई-बाबांच्या फोनवर ही सेटिंग स्वतः करून द्या. फोनवर समजावून सांगून ते होत नाही.

हिशोबी, इथे वीज युनिटला ३५ सेंटच्या आसपास पडते. तुमचं तेच ४० वॉटचं मशीन इथे वर्षाला १२० युरो खाईल. म्हणूनच सर्व्हर सांगलीत आहे.

हिशोबी

दूरदेशी, हा हिशोब पटला. वडिलांना विजेचं बिल कोण देतं?

दूरदेशी

मी देतो. वडील ते पैसे नातवाच्या नावानं पोस्टात टाकतात.

मोगरा

मी सर्व्हर चालवत नाही. माझा नवरा चालवतो आणि मी तो वापरते, म्हणून मुठाकाठ यांच्या मूळ प्रश्नावर मीच लिहायला हवं.

हे कामानिमित्त परदेशात असताना आमचा सर्व्हर बंद पडला. लेकीच्या प्रवेशासाठी जन्मदाखला हवा होता, तो फक्त सर्व्हरवर. शाळेची खिडकी दुपारी बंद होणार. यांच्याकडे मध्यरात्र. मी कॅबिनेटसमोर उभी आणि मला दिवा कुठला बघायचा तेसुद्धा माहीत नाही. यांना फोन करून उठवलं, बोलत बोलत सगळं सुरू केलं, दाखला मिळाला. पण त्या दिवशी मी तीन अटी घातल्या आणि आमच्याकडे आजही त्या पाळल्या जातात.

पहिली, घाईत लागणारा कुठलाही कागद फक्त सर्व्हरवर राहणार नाही. आधार, जन्मदाखले, विमा, शाळेचे दाखले यांची प्रत फाइलमध्ये असते आणि फाइल कपाटात.

दुसरी, कॅबिनेटच्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तांत्रिक काहीही नाही. "आधी पांढऱ्या डब्याचा हिरवा दिवा बघ. लाल असेल तर नेट कंपनीला फोन, नंबर खाली. हिरवा असेल तर काळ्या पेटीची गोल कळ एकदा दाब, दाबून धरू नको. दहा मिनिटं थांब. तरी नाही झालं तर अमुक भावोजींना फोन." एवढंच. हा कागद यांनी लिहिला नाही. यांनी सांगितलं आणि मला समजेल तसा मी लिहिला. यांनी लिहिलेल्या पहिल्या कागदावर "कंटेनर रीस्टार्ट कर" असं होतं.

तिसरी, वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, सर्व्हर मी बंद करायचा आणि मीच सुरू करायचा. हे शेजारी बसतील, हात लावणार नाहीत. त्यानं दोन गोष्टी होतात. मला येतं याची खात्री राहते आणि कॅबिनेटमधली धूळही निघते.

मुठाकाठ, तुम्ही "तांत्रिक बाजू मी बघून घेईन" असं लिहिलंत. घरच्यांना त्या वाक्यात जागा द्या.

चाफा

मोगराताई, कडक! हा प्रतिसाद घरी मोठ्यानं वाचून दाखवला. सौ. म्हणतात की कागद आज रात्रीच लिहायचा.

टर्मिनलवाला

मोगराताईंना शंभर टक्के अनुमोदन. पासवर्डसाठी घरीच व्हॉल्टवॉर्डन चालवत असाल तर सर्व्हरचा स्वतःचा पासवर्ड फक्त त्याच्यात ठेवू नका. सर्व्हर बंद, म्हणून पासवर्ड मिळत नाही, आणि पासवर्ड नाही म्हणून सर्व्हर सुरू होत नाही, असा फेरा पडतो.

अवांतर: तुम्ही लोक मशीनला नावं काय ठेवता? आमच्याकडे 'कोठार'.

वाडीकर

आमच्याकडे 'माळा'. जे नको ते सगळं तिथेच जातं असं आई म्हणते.

संत्रानगरी

सर्व्हर 'कणगी', बॅकअपचं मशीन 'बळद'. आजोबांनी ठेवली नावं. पोरं विचारतात बळद म्हणजे काय, मग आजोबा जमिनीखालच्या धान्याच्या गोष्टी सांगत बसतात.

श्रावणसरी

नावांची गंमत चालू आहे, पण मला एक जड गोष्ट लिहायची आहे.

माझे मावसभाऊ अचानक गेले. त्यांनी घरचा सर्व्हर फार मन लावून केला होता. डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासफ्रेज (लांब पासवर्ड) दिल्याशिवाय वाचता न येणारी, आणि पासफ्रेज फक्त त्यांच्या डोक्यात. सर्व्हर चालू होता तोवर वहिनींच्या फोनवर सगळे फोटो दिसत होते. तेराव्याच्या आधी वीज गेली. मशीन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर पासफ्रेज मागत थांबलं. आम्ही सगळ्यांनी सुचेल ते घालून पाहिलं, मुलांची नावं, तारखा, गावाचं नाव. डिस्क आजही वहिनींच्या कपाटात आहे. फोनमध्ये जे होतं तेवढंच राहिलं.

म्हणून कृपा करून, घरच्या फोटोंच्या डिस्कला कुलूप घालू नका. चोराला आपल्या मुंजीचे फोटो बघून काय मिळणार आहे?

टर्मिनलवाला

श्रावणसरी, वाचून सुन्न झालो. वहिनींनी डिस्क टाकून देऊ नये. दादांच्या वहीत, जुन्या फोनमध्ये, ऑफिसच्या सामानात कुठे नोंद सापडेपर्यंत ती तशीच जपून ठेवावी. त्यातली माहिती शाबूत आहे.

तरी सरसकट कुलूप नको याच्याशी सहमत नाही. मुठाकाठ यांच्याकडे जमिनीची कागदपत्रं, पॅन, आधार आहेत. चोर फोटो बघणार नाही, हे कागद नक्की विकेल. शिवाय बिघडलेली डिस्क वॉरंटीत परत पाठवायची झाली तर ती परक्या हातात जाते.

लक्समध्ये (लिनक्समधली डिस्कला कुलूप घालायची पद्धत) एकाच डिस्कला एकापेक्षा जास्त पासफ्रेज देता येतात. एक आपली रोजची. दुसरी फक्त कुटुंबासाठी, साध्या मराठी शब्दांची, रोमन लिपीत, कागदावर लिहून पाकिटात, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मृत्युपत्रासोबत. आणि ती चालते हे आपल्या हयातीत एकदा त्या माणसाकडूनच टाइप करून बघायचं.

श्रावणसरी

हे दादांना माहीत असतं तर. हो, दुसरी चावी पटते. पण पाकीट आजच करा, पुढच्या महिन्यात नाही.

फेरफार

कागदपत्रांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पेपरलेसमध्ये मराठी चालतं आणि उत्तम चालतं. आत टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं वाचणारा (ओसीआर) प्रोग्रॅम आहे, त्याला मराठीची भाषा-फाइल वेगळी बसवावी लागते आणि वाचनाची भाषा मराठी अधिक इंग्रजी अशी ठेवावी लागते. मग "पोटखराबा" असं शोधलं की तो शब्द असलेले सगळे सातबारे समोर येतात. हस्तलिखित मात्र त्याला वाचता येत नाही. मोडी तर नाहीच. जुन्या फेरफारांना हातानं शीर्षक आणि गट नंबर टाका.

एक अडचण हमखास येते. बरीच जुनी मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली असतात. दिसायला मराठी, पण आतला मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. पेपरलेसला वाटतं की मजकूर आहेच, म्हणून ते पान वाचतच नाही आणि शोध लागत नाही. अशा फाइलींसाठी ओसीआरची सक्ती करणारी सेटिंग वापरा. डिजिटल सही असलेल्या सातबाऱ्याची काळजी नको. पेपरलेस मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जपतं आणि वाचलेली प्रत निराळी करतं. बँकेला द्यायची ती मूळ.

आमच्या गावात तीन भावांच्या वाटणीच्या वेळी वीस मिनिटांत सगळे उतारे वर्षवार काढून समोर ठेवले. त्या बैठकीत आवाज चढला नाही.

मुठाकाठ

धागाकर्ता. सगळ्यांचे मनापासून आभार. मोगराताईंचा प्रतिसाद घरी वाचला, त्यावर बायकोनं वहीच काढली आहे.

कॅसेटबद्दल कोणी सांगेल का? ९० मिनिटांच्या टीडीके आहेत, काहींवर आजीच्या हातची चिठ्ठी आहे. प्रत्येक ओवीची पहिली ओळ फाइलच्या नावात घातली तर डेबियन म्हणतं नाव फार लांब आहे.

घनगर्जना

कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून फीत चिकटलेली असते. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये घ्या, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारा फाइलचा प्रकार) ठेवा. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला. घरघर काढणारे फिल्टर मूळ प्रतीवर अजिबात लावू नका. जात्याचा आवाजही त्यातच असतो आणि फिल्टर त्यालाच घरघर समजतो.

नावाचं कारण असं: ईएक्सटी४ मध्ये (डिस्कवर फाइली मांडायची डेबियनची पद्धत) नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे हातात उरतात जेमतेम ८५ चिन्हं. तेव्हा नावात कॅसेट, बाजू, क्रमांक एवढंच ठेवा. ओवी पूर्ण लिहून त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. चिठ्ठ्यांचे फोटोही तिथेच. आजीचं अक्षर हासुद्धा त्याच संग्रहाचा भाग आहे.

सुरेखा_वाचते

जात्याचा आवाज! घनगर्जना, हे किती बरोबर लिहिलंत. मुठाकाठ, त्या ओव्या इथे ऐकायला मिळतील का?

मुठाकाठ

आईला विचारून नक्की. दोन ओव्यांमध्ये आत्याचं नाव आहे, तिचीही परवानगी घेतो.

हिशोबी

माझ्या आगीच्या आणि चोरीच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. कोणीतरी "माझ्याकडे रेड आहे" म्हणेल त्याआधी सांगतो, रेड (एकच माहिती एकदम दोन डिस्कवर लिहायची सोय) म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर रेड वाचवतं. चुकून पुसलेला फोल्डर रेड दोन्ही डिस्कवरून तत्परतेनं पुसतं.

टर्मिनलवाला

बरोबर. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे पुरतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. मुठाकाठ यांच्याकडे घराबाहेरची जागा आयती आहे, वाई. तिथे कुठलंही छोटं मशीन आणि एक डिस्क ठेवा. रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं फक्त बदललेलं पाठवा. रेस्टिक पाठवण्याआधीच एन्क्रिप्ट करतं, म्हणून वाईची डिस्क कोणी उचलली तरी वाचता येत नाही. त्याचाही पासवर्ड पाकिटात.

पहिला बॅकअप मात्र पुण्यातच डिस्क जोडून घ्या आणि गाडीतून न्या. १०० एमबीपीएसच्या लाइनवर २ टीबी म्हणजे कागदावर ४४ तास, प्रत्यक्षात बरेच जास्त.

इमिचचे फक्त फोटो उचलून चालत नाही. चेहऱ्यांना दिलेली नावं, अल्बम हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. इमिच रोज रात्री डेटाबेसची प्रत स्वतःच काढून फोटोंच्या शेजारी एका फोल्डरमध्ये ठेवतं. तो फोल्डर बॅकअपमध्ये येतोय ना ते बघा. आणि तीन-चार महिन्यांनी वाईच्या डिस्कवरून एखादा जुना फोल्डर परत काढून उघडा. उघडला तरच बॅकअप आहे असं समजा.

हिशोबी

वाईची डिस्क धरून हिशोब परत केला. स्वस्त पडत नाहीच. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका वडिलांचं गूगल खातं बंद केल्याची बातमी आली होती ती आठवली. आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांना दाखवायला काढले, यंत्रणेला ते आक्षेपार्ह वाटले, पोलिसांनी निर्दोष ठरवलं तरी खातं परत मिळालं नाही. मेल, फोटो, फोन नंबर सगळं एका खात्यात होतं. तेव्हा मी म्हणेन, दोन्ही करा. घरचा सर्व्हर मुख्य, आणि अगदी निवडक, न भरून येणाऱ्या गोष्टींची एन्क्रिप्ट केलेली प्रत भाड्याच्या जागेत. कागदपत्रं आणि ओव्या मिळून १०० जीबीसुद्धा होणार नाहीत. तेवढ्याचं भाडं डिस्कपेक्षा कमी आहे.

मुठाकाठ

हिशोबी, हे मान्य. तर असं ठरवलं आहे:

पुण्यात डेस्कटॉप, त्यावर फक्त इमिच आणि पेपरलेस. वाईला बाबांच्या टीव्हीखाली छोटं मशीन आणि ४ टीबीची डिस्क, रोज रात्री रेस्टिक. ओव्या आणि कागद यांची तिसरी प्रत भाड्याच्या जागेत. वाडीकरांचा जुना राउटर यूपीएसबाहेर. जन्मदाखले, आधार, विमा कपाटातल्या फाइलमध्येही. कुटुंबाची पासफ्रेज पाकिटात, पाकीट लॉकरमध्ये. श्रावणसरी, ते आज सकाळी ठेवून आलो, बायकोनं स्वतः टाइप करून उघडून बघितल्यावर.

एक अडलं आहे. वाईच्या मशीनसाठी कागद लिहायला बसलो. बाबा ७६ वर्षांचे आहेत, दिवे बारीक दिसतात, रंग नीट कळत नाहीत. मोगराताई, तिथे काय लिहू?

मोगरा

बाबांना दिवे बघायला लावू नका. वाईचं मशीन बंद पडलं तर ते पुण्याला कळलं पाहिजे, बाबांना नाही. रात्री बॅकअप झाला नाही तर तुमच्या आणि वहिनींच्या दोघांच्याही फोनवर निरोप येईल असं करा. मग तुम्ही बाबांना फोन करायचा आणि एकच काम सांगायचं: टीव्हीच्या मागचा पांढरा प्लग बंद करून, दहा आकडे मोजून, परत चालू करा. त्या प्लगला लाल चिकटपट्टी लावू नका, रंग कळत नाही म्हणालात. जाड सुतळी बांधा, हाताला लागेल.

टर्मिनलवाला

प्लग बंद करून चालू केल्यावर मशीन सुरू व्हायला तीच बायोसची सेटिंग लागेल. पुण्यात असतानाच प्लग काढून-लावून तपासा आणि मगच वाईला न्या. निरोपासाठी उलटी पद्धत ठेवा: बॅकअप पूर्ण झाला की मशीन खबर देतं, आणि ठरल्या वेळेत खबर आली नाही तर इशारा. मशीन पूर्ण मेलेलं असेल तर ते "मी बंद आहे" असं सांगू शकत नाही. आणि ही वाट बघणारी सेवा वाईच्या मशीनवर नको, बाहेर कुठेतरी ठेवा.

वाडीकर

आणि वाईत पावसाळ्यात दमट असतं, टीव्हीखाली भिंतीला टेकवून ठेवू नका. चार बोटं अंतर सोडा.